हळदीतलं गाणं स्टेजवर गेलं की मालक कोण?

ऐरोली-घणसोलीच्या पट्ट्यातल्या पाच जणांचा एक बँड आहे असं धरून चालू. एक गिटार, एक बेस, एक ड्रमसेट, एक ढोलकी आणि गाणारी मुलगी. हळदीच्या रात्री गावातल्या बायका म्हणतात ते एक गाणं त्यांनी उचललं, खाली बेस टाकला, मधे गिटारचा एक तुकडा घातला, खाडीकाठी व्हिडिओ शूट केला आणि यूट्यूबवर चढवला. गाणं चाललं. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवरून दिव्यापासून उरणपर्यंत फिरलं. मग एक दिवस मेल आला: या व्हिडिओवर एका म्युझिक कंपनीचा दावा आहे, जाहिरातीचं उत्पन्न त्यांच्याकडे जाईल. पोरं चक्रावली. गाणं आजीच्या तोंडचं आणि पैसे कंपनीला?

बँड काल्पनिक आहे, मेल मात्र खरा. लोकगीतं वाजवणाऱ्या अनेकांना तो कधी ना कधी येतो. बँड कसा मोठा झाला हे सांगताना आवाज, तालीम, नशीब यांच्याबद्दल सगळेच बोलतात. हक्कांबद्दल कोणी बोलत नाही, कारण विषय किचकट वाटतो. तो आहेही किचकट, पण समजत नाही इतका नाही. आणि नाव झाल्यावर बँडमध्ये भांडणं पेटतात ती याच्यावरूनच.

आपल्या भागात सातबारा समजावून सांगावा लागत नाही. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी त्यात गेल्या, आणि तेव्हापासून कुठल्या उताऱ्यावर कोणाचं नाव आहे हा घराघरातला विषय झाला. गाण्यालाही उतारा असतो असं समजा. फक्त एका गाण्याचे उतारे चार, आणि चारांवर वेगवेगळी नावं असू शकतात.

पहिला शब्दांचा. तो कवीचा, त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. दुसरा चालीचा, तो संगीतकाराचा, मुदत तीच. तिसरा सादर करणाऱ्याचा, म्हणजे गायकाचा आणि वादकाचा. हा ५० वर्षं चालतो. चौथा ध्वनिमुद्रणाचा, आणि तो ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून ते रेकॉर्डिंग घडवलं त्याचा; प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. स्टुडिओवाल्याचा माइक वापरला म्हणून रेकॉर्डिंग स्टुडिओवाल्याचं होत नाही. हे सगळं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांची बाजू बरीच भक्कम केली. हक्क मिळायला नोंदणी सक्तीची नाही, आणि चाल स्वरलिपीत लिहिलेली असलीच पाहिजे असंही नाही. ज्याला नोटेशनचं अक्षर कळत नाही तोही कायद्याने संगीतकारच असतो.

आता त्या मेलकडे परत जाऊ. हळदीच्या गाण्याचा कवी कोण, ठाऊक नाही. चाल कोणाची, ठाऊक नाही. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आलेलं गाणं, त्यामुळे पहिले दोन उतारे कोरे. पण काही वर्षांपूर्वी कोणीतरी त्याच गाण्याची कॅसेट काढली असेल. त्या कॅसेटवरच्या रेकॉर्डिंगवर कंपनीचा हक्क खरा आहे. गाण्यावर नाही. उद्या तुम्ही, मी, शेजारच्या काकू, कोणीही तेच गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करू शकतो.

मग दावा आला कसा? यूट्यूबवर कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. कंपन्या आपली रेकॉर्डिंगं तिच्यात संदर्भ म्हणून भरून ठेवतात, यंत्रणा प्रत्येकाच्या आवाजाचा ठसा तयार करते आणि नवीन चढणारा प्रत्येक व्हिडिओ त्या ठशांशी ताडून बघते. ती नुसतं रेकॉर्डिंगच नाही, चालही जुळवू शकते. चाल जुळली की दावा लागतो. ती चाल मुळात कोणाची नाही, हे यंत्राला कळायचा मार्ग नाही. ते भरणाऱ्याने बघायचं असतं. सार्वजनिक मालकीच्या गोष्टी संदर्भ म्हणून भरू नयेत असा यूट्यूबचा नियम आहेच. तो किती पाळला जातो हे त्या मेलवरून कळतंच.

इथे घाबरून व्हिडिओ काढून टाकणं हा सगळ्यात वाईट उपाय. दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याबद्दल चॅनेलवर लागणारी ताकीद, नव्हे. दाव्याने फार तर पैसे दुसरीकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. चॅनेल बंद पडतं ते ९० दिवसांत तीन स्ट्राइक लागले तर. दाव्यावर हरकत घेता येते, समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, आणि त्याने काहीच केलं नाही तर दावा आपोआप सुटतो. हरकतीत एवढंच लिहायचं की शब्द आणि चाल पारंपरिक आहे, आणि हे रेकॉर्डिंग आम्ही स्वतः, स्वतःच्या वादकांसह केलं आहे. मात्र ते खरं असलं पाहिजे. आणि खरी मेख तिथेच आहे.

कारण आपल्याला जे लोकगीत वाटतं ते पुष्कळदा लोकगीत नसतं. कोळीवाड्यातल्या कुठल्याही मिरवणुकीत ‘मी डोलकर’ वाजतं. चेंदणी कोळीवाड्यापासून दिवाळे गावापर्यंत कोणालाही विचारा, आमचंच गाणं म्हणेल. ते लिहिलं शांता शेळके यांनी आणि चाल हृदयनाथ मंगेशकरांची. शांताबाई २००२ साली गेल्या, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६२ च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे. खरं तर कवीला याहून मोठी दाद कोणती मिळणार, की दर्यावर जाणाऱ्या माणसांनीच त्याचं गाणं आपल्या आजोबांचं मानावं. पण बँडला ते रेकॉर्ड करायचं असेल तर परवानगी घ्यावी लागते, आणि गिटारवर नवं रूप द्यायचं असेल तर जास्तच, कारण चालीचं नवं संयोजन करणं हाही मूळ संगीतकाराच्याच हक्काचा भाग आहे.

संतांच्या बाबतीत गोंधळ वेगळ्या प्रकारचा. तुकोबांचे अभंग सतराव्या शतकातले, एकनाथांची भारुडं सोळाव्या. शब्द सगळ्यांचे. मुंबईच्या अभंग रिपोस्टसारखा बँड गिटार-बेसवर अभंग गातो त्याला शब्दांसाठी कोणाच्या दारात जावं लागत नाही. पण तुमच्या डोक्यात तुकोबांचा अभंग ज्या चालीत वाजतो ती चाल कोणाची? लता मंगेशकरांनी गायलेल्या ‘अभंग तुकयाचे’मधल्या चाली श्रीनिवास खळ्यांच्या. खळे २०११ साली गेले, म्हणजे त्या चालींवरचा हक्क २०७१ पर्यंत. शब्द फुकट, चाल नाही. स्वतःची चाल बांधा आणि बिनधास्त गा.

हे शोधायचं कसं? मी सांगेन, गावातल्या तीन वेगवेगळ्या घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि शक्य तर एक घर खाडीपलीकडचं असू द्या. तिघींच्या शब्दांत थोडा थोडा फरक निघाला, चालही जराशी इकडे-तिकडे झाली, तर गाणं बहुधा तोंडी आलेलं. तिघींनी एकच कडवं शब्दशः सारखं म्हटलं, तर ते कॅसेटवरून किंवा रेडिओवरून शिकलेलं असण्याची शक्यता जास्त. कोर्टात हा पुरावा चालणार नाही, पण पुढचा शोध कुठे घ्यायचा ते कळतं.

आता बँड स्वतः त्यात काय घालतो? नुसती गिटार जोडली की लोकगीताचं फोकरॉक (लोकसंगीत आणि रॉक यांचं मिश्रण) झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा साउंडचेकला येऊन बसावं. ढोलकीवाला पाना घेऊन बसलेला असतो. एक नट अर्धा आटा आवळतो, बोटाने टिचकी मारतो, कान लावतो, परत आवळतो. गणपतीच्या दिवसांत हवा दमट, चामडं सैल पडतं आणि स्वर उतरतो. स्टेजवर लाइटखाली तापलं की चढतो. तिकडे गिटारवाल्याचा ट्यूनर अंकाच्या भाषेत बोलतो, त्याला चढ-उतार चालत नाही. गावात मात्र गाणं बाईच्या गळ्याला झेपेल त्या पट्टीत सुरू होतं आणि रंगलं की हळूहळू वरही सरकतं. बँडला एक पट्टी ठरवावी लागते, समजा काळी दोन. मग गिटारला कॅपो (तारा दाबून स्वर चढवणारा चिमटा), ढोलकी त्याच स्वराला, आणि पुढचं गाणं पांढरी चारमध्ये असेल तर शेजारी दुसरी ढोलकी आधीच लावून ठेवलेली.

त्याहून अवघड भांडण ठेक्याचं. सहा मात्रांचा झुलता ठेका ढोलकी एकटीच भरून काढते. त्यावर ड्रमसेटवाल्याने सवयीने स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) मारला की तो नेमका ढोलकीच्या टाळीवर पडतो आणि दोन्हींचं मातेरं होतं. चांगला ड्रमर अशा वेळी हात आखडता घेतो, स्नेअर जवळजवळ सोडून देतो, पायाने वाजणारा खालचा किक ड्रम तेवढा ठेवतो. माझ्या मते आपल्या भागातले बँड घडतात किंवा फसतात ते याच एका गोष्टीत. आणि विजेवर चालणारं वाद्य आपल्या वरातीला काही नवं नाही. बेंजो पार्टीतला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, १९१२ च्या सुमारास जपानात निघालेल्या ताइशोगोतो नावाच्या वाद्याचा वंशज. त्याला पिकअप लावून भोंग्यातून वाजवणारी मंडळी गल्लोगल्ली होती, तेव्हा इथे कोणी फोकरॉक म्हणत नव्हतं.

हे सगळं केलेलं काम म्हणजे संयोजन, आणि ते बँडचं. मूळ गाणं सगळ्यांचं राहतं; पण मधला गिटारचा तुकडा, सुरुवातीची नवी धून, नवीन लिहिलेलं कडवं यांवर बँडचा हक्क लागतो. कळव्यातला दुसरा बँड तेच हळदीचं गाणं गाऊ शकतो, तुमचा तुकडा उचलू शकत नाही. रेष नेमकी कुठे, यावर मात्र वाद होतात. केरळच्या थैक्कुडम ब्रिज या बँडने २०२२ मध्ये ‘कांतारा’ चित्रपटातलं ‘वराह रूपम’ आपल्या ‘नवरसम’वरून उचललं असा आरोप केला. चित्रपटवाल्यांनी तो नाकारला. कोळिकोडच्या न्यायालयाने काही काळ गाणं वाजवायला मनाई केली, आणि चित्रपट ओटीटीवर आला तेव्हा सुरुवातीला गाण्याची चाल बदललेली होती. राग, ताल, लोकठेका कोणाच्या बापाचा नसतो; त्यातून बांधलेली विशिष्ट रचना असते. एका वाक्यात म्हणायला सोपं, कोर्टात सिद्ध करायला महिनोन्‌महिने.

पैशाचं गणित आता थोडक्यात, कारण ते तितकं मोठं नाही. स्ट्रीमिंगमध्ये दर गाण्यामागे ठरलेला दर नसतो. महिन्याच्या एकूण उत्पन्नातून, एकूण ऐकण्यात तुमचा हिस्सा किती त्यावर वाटा मिळतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तर एक स्ट्रीम धरतात, आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलं जाणं (किंवा शॉर्ट्सचे ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज) एवढं लागतं. गीतकार-संगीतकार म्हणून वेगळी रॉयल्टी मिळते ती आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) मार्फत. ही संस्था १९६९ पासून आहे, आणि तिचं सदस्यत्व घेऊन आपल्या रचना तिथे नोंदवल्याशिवाय पैसे दारात येत नाहीत. पीपीएल वेगळी, ती रेकॉर्डिंगच्या मालकांसाठी. त्यामुळे हॉलमध्ये कोणाचं तरी हक्काचं गाणं लाइव्ह गायलं तर आयोजकाला आयपीआरएसचा परवाना बघावा लागतो, आणि ध्वनिमुद्रित गाणं वाजवलं तर दुसरा. लग्नाची वरात आणि लग्नातले सोहळे यांना कायद्यात सूट आहे. हळदीत काहीही गा.

म्हणूनच बँडचं पोट चालतं ते सुपाऱ्यांवर: हळद, गणपती, नवरात्र, ठाण्याच्या राम मारुती रोडसारखी दिवाळी पहाट, नगरसेवकाचा वाढदिवस. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१९ मध्ये यू-टू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले वाजवून गेले. तिथून हाकेवरच्या गावात आपला बँड रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करतो, कारण २००० च्या ध्वनी नियमांत ते तसंच आहे. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, आणि ते दिवस सणांना जातात. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. ड्रमसेट नुसता समोर ठेवून दोन काठ्या मारल्या तरी ती ओलांडली जाते, पण ते असो.

जीएसटीतली एक गंमत सांगतो. लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. आता फोकरॉक ही लोककला की नाही? ढोलकीवाल्यासाठी हो आणि गिटारवाल्यासाठी नाही, असं काही लिहिलेलं नाही. सुपाऱ्यांची वर्षाची बेरीज २० लाखांच्या आत असेल तोवर नोंदणीच लागत नाही, म्हणून बहुतेक बँडना हा प्रश्न पडत नाही. पडेल त्या दिवशी सीएकडे जा, माझ्यासारख्याकडे नको.

बँडच्या आत काय ठरवायचं ते पहिल्या व्हिडिओच्या आधी ठरवावं. नवं कडवं कोणी लिहिलं, तुकडा कोणी बांधला, रेकॉर्डिंगला पैसे कोणी घातले: एका कागदावर, पाच सह्या. सगळ्यांनी मिळून, वेगळं काढता येणार नाही असं काम केलं असेल तर ती संयुक्त रचना; मग एकट्याने ती विकता येत नाही. बँडच्या नावाचा ट्रेडमार्क वर्ग ४१ मध्ये, म्हणजे करमणुकीच्या सेवांत, सगळ्यांच्या मिळून घ्या. नाहीतर गाणारी मुलगी बाहेर पडते, नाव मॅनेजरकडे राहतं, आणि गणपतीत एकाच नावाचे दोन बँड वाजतात. कंपनीशी करार करताना मुदत आणि प्रदेश वाचा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. छापील करारात बहुधा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्व’ लिहिलेलं असतं. सही करताना पेन तिथे थांबू द्या.

आता ज्या बाईने गाणं शिकवलं तिचं काय?

आगरी लग्नात धवलारीण असते, म्हणजे विधींची गाणी, धवले, म्हणणारी बाई. हळद दळण्यापासून मांडव, उंबराची फांदी आणण्यापर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला तिला पाठ. काही ठिकाणी विधी चालतो तोच तिच्या गाण्यावर. हातात कागद नाही. तासन्‌तास गाते, मधे चहाचा घोट घेते आणि थांबली होती तिथूनच पुढे उचलते. तिला विचारलं की गाणं कोणाचं, तर उत्तर मिळतं, “यो गाना मना आयशीनं शिकवला.” म्हणजे ती स्वतःच मालकी सांगत नाही. कायदाही तिला गाण्याची मालक म्हणत नाही. लोककलांचं रक्षण समाजाच्या नावाने करावं, ही चर्चा जुनी आहे: कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात अज्ञात कर्त्यांच्या कृतींसाठी १९६७ मध्ये एक तरतूद घातली गेली, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने २००० मध्ये समिती नेमली, आणि २०२४ मध्ये तिथून जो करार निघाला तो जनुकीय संसाधनांचा होता, गाण्यांचा नाही. भारतात लोकगीतांसाठी वेगळा कायदा नाही.

पण तिसरा उतारा तिच्या नावावर लागू शकतो, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. कायद्याच्या व्याख्येत सादरकर्ता म्हणजे नट, गायक, वादक, डोंबारी, जादूगार; अगदी गारुडीसुद्धा नाव घेऊन आत आहे. धवलारीण तर गायिकाच. बँडने तिचं गाणं शिकून स्वतः गायलं, तर कायद्याने तिला काही देणं लागत नाही. पण मोबाइलवर टिपलेला तिचा आवाज गाण्याच्या सुरुवातीला वीस सेकंद लावला (आणि सगळेच लावतात, कारण अंगावर काटा येतो तो तिथेच) तर ते तिचं सादरीकरण आहे. त्याला तिची संमती लागते, आणि व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीत तिचा वाटा आहे. संमती तिच्याच भाषेत घ्या, वाचून दाखवा, घरातलं कोणी शेजारी असू द्या. व्हिडिओखालच्या श्रेयनामावलीत तिचं आणि गावाचं नाव घाला, ‘पारंपरिक’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. उद्या दुसऱ्या कंपनीचा दावा आला तर तारखेसकट असलेलं हेच रेकॉर्डिंग हरकतीला उपयोगी पडतं.

आणि तुम्ही तिचा आवाज वापरला नाही, नुसतं गाणं घेतलं, तरी मी म्हणेन वाटा द्या. शाल-श्रीफळ होतंच, स्टेजवर नावही घेतलं जातं. बँडमध्ये पाच जण असतील तर सुपारीचे सहा भाग करा आणि सहावा तिच्या खात्यावर दुसऱ्याच दिवशी टाका. गणपतीनंतर हिशेब करू म्हटलं की तो कधीच होत नाही.